सोळा पानांची चोरी

तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायचं तर तोफबाई. नाव पडलं संपाच्या वर्षी, आणि तिने ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं.

बाइंडिंगच्या त्या लांबट दालनात तीस बायका दोन रांगांत बसायच्या. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायच्या आणि ते दोऱ्याने शिवायच्या. मालकाचा नियम असा, की कामावर तोंड उघडायचं ते फक्त जांभई द्यायला. तोफबाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिने अकरा दिवस दालन बंद पाडलं. पंखे मिळवले, पाण्याचा नळ मिळवला, आणि शेवटच्या दिवशी मालक सही करायला वाकला तेव्हा कागदावर बोट ठेवून म्हणाली, "थांबा. अजून एक राहिलंय. दुपारी अडीच ते साडेतीन आम्ही बोलणार."

"बोला की. पण हात?"

"हात चालूच राहतील. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जी बोलेल तिचं काम ऐकणाऱ्या उचलतील. तुमचा एक कागद कमी भरला तर मला विचारा."

त्यातून रीत पडली. अडीचला बोलणारीने आपल्या वाट्याचा तीनशे कागदांचा ढीग मधल्या टेबलावर आणून ठेवायचा. जिला ऐकायचं असेल तिने उठून त्यातले निदान दहा कागद आपल्या जागी न्यायचे. ढीग संपला की बोलणारीचे हात मोकळे. नाही संपला तर उरलेल्या कागदांच्या घड्या तिनेच घालायच्या, बोलत बोलत. ज्याचं ऐकायचं त्याचं ओझं उचलायचं, फुकटची करमणूक नाही. कायदा तोफबाईचाच. आणि पुढची बावीस वर्षं त्या टेबलावर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी ढीग ठेवला नाही. तशी मनाई नव्हती. हिंमत नव्हती.

अडीचचा ठोका पडला की ढीग ठेवेपर्यंत बायका झेप घ्यायच्या. सूर्य डोंगराआड जायला वेळ लागतो, तेवढाही त्या ढिगाला लागत नसे. मग तोफबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि सुरू व्हायची. मुकादम नाकात बोट घालून हजेरी कसा घेतो. नळाची पाहणी करायला आलेला अधिकारी कोरड्या तोटीकडे बघून "दाब उत्तम आहे" असं कसं लिहून गेला. संपात मालकाच्या मेव्हण्याने फोडाफोडीला येऊन चुकून स्वतःच घोषणा कशी दिली. ती आवाज काढायची, चालून दाखवायची, टेबलावर चढायची. बायका हसून हसून डोळे पुसायच्या, आणि तोफबाई त्या पुसलेल्या डोळ्यांची मोजदाद करत घरी जायची. नवऱ्याला सांगायची, "आज पंचवीस जणी रडल्या."

शाळा तिने पाहिली ती बाहेरून. वाचायला शिकली ती छपाईत बिघडलेल्या कागदांवरून, आणि तेही मराठीच. त्यामुळे तिचं वाचन सोळा पानांचं. कुठल्याशा राजाचा वनवास पान सतरा ते बत्तीस, मधुमेहाची काळजी पान एकोणपन्नास ते चौसष्ट. मागे काय झालं, पुढे काय होणार, ह्याची तिला कधी फिकीर पडली नाही. मधलं तेवढं पुरे. बाकीचं आपल्याला रचता येतं, असा तिचा हिशेब.

आणि मग हळूबाई आली.

हळूबाई हेही टोपणनावच. चाळिशीची, तारेच्या काड्यांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरचीने कान पुढे करावा. आधी ती एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या घरी कामाला होती. त्यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी हिला इंग्रजी वाचायला शिकवलं, का, तर रोज दुपारी आपल्याला वाचून दाखवायला कुणीतरी हवं म्हणून. आठ वर्षं तिने त्यांना वाचून दाखवलं. ते गेले तेव्हा मुलांनी घर वाटून घेतलं, आणि हिला मिळाली एक पेटी. आत सात जुनी विलायती पुस्तकं. सगळी विनोदी.

"दागिना नाही, दमडी नाही, पुस्तकं!" तोफबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "तू भांडली नाहीस?"

"मागून घेतली मी," हळूबाई म्हणाली.

अशा बाईपासून आपल्याला धोका आहे असं तोफबाईला वाटणं शक्यच नव्हतं. ससा बघून वाघ दार लावतो का?

पण तोफबाईची अक्कलदाढ सुजली. दाढ काढायला ती एक दिवस रजेवर गेली, आणि त्या दिवशी अडीच वाजता मधलं टेबल ओस पडलं. कुणीतरी गमतीने म्हणालं, हळूबाई, तूच सांग काहीतरी. हळूबाईने पिशवीतून एक पुस्तक काढलं, आपला ढीग टेबलावर ठेवला आणि वाचायला बसली. ओळ डोळ्यांनी इंग्रजीत वाचायची आणि तोंडाने मराठीत सांगायची.

दुसऱ्या दिवशी तोफबाई आली ती गालात कापूस घेऊन. बोलायला डॉक्टरची बंदी होती. म्हणून जन्मात पहिल्यांदा ती अडीच वाजता आपल्या जागेवर बसून राहिली, आणि तिच्या देखत टेबलावर दुसरीचा ढीग आला. बायका उठल्या. ढीग निम्मा झाला, पाव झाला, संपला.

पुस्तकात होता एक साहेब. इतका भिडस्त, की कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली तर त्याला शिंका यायच्या. हा कुणाच्यातरी मोठ्या बंगल्यावर चार दिवस पाहुणा म्हणून निघतो, स्टेशनवर ट्रंकांची अदलाबदल होते, आणि खोलीत येऊन उघडतो तर आत बिशपचे कपडे. बड्या धर्मगुरूचा पायघोळ झगा, टोपी, सगळं. आता खाली जाऊन 'ही माझी ट्रंक नाही' म्हटलं, तर नोकराला पुन्हा जिना चढावा लागेल, आणि नोकराला गुडघेदुखी आहे असं त्याच्या कानावर आलेलं. म्हणून साहेब मुकाट्याने बिशप होतो. जेवायच्या टेबलावर प्रार्थना म्हणतो. शाळेच्या इमारतीची कोनशिला बसवतो. दोन म्हाताऱ्या बहिणींचं वीस वर्षांचं भांडण त्याच्यापुढे निवाड्याला येतं. बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंनी तेवढं पहिल्याच संध्याकाळी ओळखलेलं असतं, पण त्यांना कुणी विचारतच नाही.

हे सगळं हळूबाई एका सुरात वाचत होती. ना आवाज बदलत होती, ना हात हलवत होती. वाणसामानाची यादी वाचावी तशी. आणि बायका फुटत होत्या. खळवाली, जी दिवसभर पुठ्ठ्यांना खळ लावायची आणि जिला तोफबाईनेही बावीस वर्षांत कसंबसं दोनदा हसवलं असेल, ती ब्रश खाली टाकून पोट धरून बसली होती.

तोफबाईच्या गालात ठणका होता. पण डॉक्टरने काढलेली दाढ डावीकडची होती आणि हे दुखत होतं ते बरंच खाली, मधोमध.

आठ दिवसांनी तोंड बरं झालं. तोफबाईने अडीचला ढीग आणला आणि टेबलावर दाणकन ठेवला. हळूबाई उठलीच नव्हती.

"आज तोफबाई बोलणार ना, मग राहू दे," ती म्हणाली.

"का राहू दे?" तोफबाई म्हणाली. "ठेव की तुझाही. होऊन जाऊ दे. मी काय घाबरते?"

तिला वाटलं होतं, मोठेपणा दाखवला की लोक लाजून आपल्याकडे येतात. सभेत ही युक्ती नेहमी चालते. इथे नाही चालली. हळूबाईने आपला ढीग शेजारी ठेवला आणि बायका उठल्या, आणि गेल्या त्या सरळ तिकडे. कुणी तोफबाईच्या नजरेला नजर दिली नाही. तीन म्हाताऱ्या तेवढ्या इकडे आल्या, आणि त्यांनीही कागद उचलले ते आजाऱ्याला फळ द्यावं तसे. तिकडच्या रांगेत सगळ्यात पुढे कोण? तर तोफबाईची सख्खी नणंद. हिच्याच शब्दावर कामाला लागलेली.

तीनशेतले दोनशे सत्तर कागद समोर घेऊन तोफबाई घड्या घालायला बसली. बोलली नाहीच. एवढ्यावर कुणी बोलतं? पलीकडे बिशपसाहेब म्हाताऱ्या बहिणींना चहाच्या किटलीचं झाकण नेमकं कुणाचं ते विचारत होते.

संध्याकाळी घरी जाताना तिने नणंदेला रस्त्यातच धरलं.

"काय गं, रक्ताची ना तू आमच्या घरच्या?"

"वहिनी, दहा कागदांत रक्त कुठून आलं?"

"अर्ध्या जगावर राज्य केलं त्या लोकांनी. लोकांची घरं धुऊन नेली. आणि पुस्तक लिहितात तर काय, किटलीचं झाकण! ह्यांना दुसरं दुःख नाही. आणि तुम्ही खिदळताय. लाज नाही वाटत?"

"म्हणून तर हसायला येतं ना," नणंद म्हणाली. "एवढे मोठे साहेब, आणि एका ट्रंकेपुढे त्यांची ही गत."

"माझ्या मुकादमाची गत काय कमी केली मी?"

नणंदेने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "वहिनी, रागावू नका. तुमच्या गोष्टीत शेवटी मार खाणाऱ्या आपणच असतो. हसतो, पण घरी जाताना छातीत काहीतरी राहतं. तिच्या पुस्तकात कुणाचं काही बिघडत नाही हो. कुणी उपाशी नाही, कुणाला घराबाहेर काढत नाहीत. एखादी फुलदाणी फुटते. तासभर अशा घरात बसून आल्यासारखं वाटतं जिथे फुलदाणी फुटणं हीच मोठी गोष्ट आहे."

"फुलदाणीच घालते तुझ्या डोक्यात," तोफबाई म्हणाली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागली.

पण खरी कळ नणंदेला सांगण्यासारखी नव्हती. तिलाही पुढचं ऐकायचं होतं. बिशपचं सोंग उघडं पडतं का, हे ऐकायला तिचे कान त्या टेबलाकडे असे लागायचे की घड्या तिरक्या पडायच्या. आणि जी गोष्ट ऐकावीशी वाटते ती आपल्या तोंडची नाही, ह्यासारखी आग नाही. नवऱ्याला दुसरी आवडली तर बाई निदान भांडते तरी. इथे भांडायचं कुणाशी? एक वाक्य आपलं साधं उभं असतं, तोंडावरची माशी हलत नाही, आणि पुढच्या ओळीला दालन कोसळतं. तोफबाईला ते कसं होतं तेच कळत नव्हतं. ती आपली घरी आरशासमोर उभी राहून मुकादम एका सुरात करून बघायची. मुकादम मेल्यासारखा वाटायचा.

अशात हळूबाईचं पुस्तक खिळखिळं झालं. तीस जणींच्या दालनात रोज उघडझाप, जुना दोरा, पाठ सुटली. दालनातल्या बाईचं स्वतःचं पुस्तक असलं तर ते फुकट शिवून द्यायचं, ही तिथली रीत. हळूबाई ते घेऊन आली ती थेट तोफबाईकडे.

"तुमच्यासारखा टाका इथे कुणाचा नाही," ती म्हणाली. "शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. उद्या संपवायचंय."

ह्यात एक तिरका शब्द असता तर तोफबाईला बरं वाटलं असतं. नव्हता. ते जास्त झोंबलं.

तिने पुस्तक उसवलं. जुना दोरा कातरला, पाठीवरची वाळलेली खळ खरवडली, फर्मे ओळीने मांडले. हात सरावाने चालले होते आणि डोकं भलतीकडे. शेवटची दोन प्रकरणं. दोन प्रकरणं म्हणजे किती? तीस पानं? सोळा? तिने मागून पहिला फर्मा उचलला. इकडे तिकडे पाहिलं. मुकादम पाठमोरा होता. सोळा पानं डब्याच्या पिशवीत, डब्याखाली गेली. बाकीचं पुस्तक तिने असं शिवलं की मालकाने सुद्धा हातात घेऊन बघत राहावं. कापडी पाठ लावली, वर दाब दिला, आणि सुट्टीच्या वेळी हळूबाईच्या हातात ठेवलं.

"उपकार झाले," हळूबाई म्हणाली. पुस्तक तिने क्षणभर तळहातावर तोललं आणि पिशवीत टाकलं.

उद्या अडीचला ही वाचत वाचत येईल आणि शेवट नाहीच! तीस जणी तोंडं उघडी टाकून बसतील. मग आपण उठायचं. शेवट आपल्याला ठाऊक असेल, आणि आपण तो असा करून दाखवायचा की... तोफबाई घरी आली ती जवळजवळ पळतच.

नवरा तिचा छापखान्यातलाच, जुळारी. तीस वर्षं शिशाचे खिळे एकेक करून जुळवलेले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. उलटं-सुलटं कसंही वाचायचा. संगणक आले आणि खिळे भंगारात गेले, तसा हाही घरी बसला. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी. फार हसू आलं तर नाकातून हवा सोडायचा.

"अहो, हे वाचा. मराठीत सांगा मला. लवकर."

त्याने चष्मा लावला. "आकडे एकपासून आहेत की पानांवर."

"आकडे काय बघत बसलाय? गोष्ट वाचा. बिशपचं काय होतं?"

त्याने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. "ह्यात बिशप नाही," तो म्हणाला. "कर्नल आहे."

"कसला कर्नल?"

"हे दुसऱ्याच पुस्तकाचं पहिलं प्रकरण आहे. पूर्वी विलायतेत असं करायचे. एका पुस्तकाच्या शेपटाला दुसऱ्याची चव लावायची, म्हणजे लोक तेही विकत घेतील. जाहिरात गं."

तोफबाई खालीच बसली. पानांचे आकडे बघायचे, ही त्या दालनातली पहिल्या दिवशीची शिकवण. नव्या पोरींना ती स्वतः शिकवायची. दालनातला सगळ्यात चांगला टाका तिचा, आणि तिने चोरली ती जाहिरात.

"द्या इकडे. चुलीत घालते."

पण त्याने दिलं नाही. त्याच्या नाकातून हवा सुटली. मग खांदे हलले. मग तो जुळारी, जो लग्नातही फोटोसाठी हसला नव्हता, खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसला.

"काय झालं?" तोफबाई म्हणाली. तिला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. "माझ्या गोष्टीला कधी असे हसलात?"

"तुझ्या गोष्टी मी जेवताना ऐकतो. ठसका लागतो," तो म्हणाला. "ऐक. ह्या कर्नलसाहेबांच्या गावात गेल्या महिन्यात तीन अंत्ययात्रा झाल्या. तिन्ही साहेबांना ढिसाळ वाटल्या. एकीत बँड उशिरा आला, दुसरीत पाद्री मयताचं नाव चुकला, तिसरीत लोक हवापाण्याच्या गप्पा मारत होते. आपल्या वेळी हे चालणार नाही. म्हणून त्यांनी आपल्या अंत्ययात्रेची तालीम ठेवली. गुरुवारी, चहानंतर."

"तालीम?"

"हवा बरी असल्यास. तसं गावात पत्रक लावलंय."

तोफबाईने ओठ आवळून धरले.

"खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात, म्हणून साहेब स्वतः शवपेटीत शिरले. आतून हुकूम सोडायला लागले, डावा, उजवा, डावा. आणि झाकण अडकलं. आता आतला आवाज बाहेर येईना. खांदेकरी शिस्तीचे. थांबायचा हुकूम नाही, म्हणजे चालत राहायचं. चालले गावाबाहेर."

"मग?"

"मग समोरून एक बाई आली. काळे कपडे, हातात छत्री. तिने मिरवणूक पाहिली, कुणाची म्हणून विचारलं, नाव ऐकलं आणि रडायला लागली. आता सगळ्या गावापुढे पेच. नुकत्याच रडायला लागलेल्या बाईला 'माणूस जिवंत आहे' असं सांगणं कुणालाच शिष्टाचाराला धरून वाटेना."

तोफबाईच्या तोंडून जे बाहेर पडलं ते शेजारच्या भिंतीपलीकडे गेलं असणार. ती हसली. स्वतःच्या मनाविरुद्ध, दात-ओठ खात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि वर त्या लिहिणाऱ्याला शिवी हासडली.

"पुढे, पुढे वाचा."

"बाईने डोळे पुसले. छत्रीने शवपेटीवर टकटक केलं. म्हणाली, आता निमूट ऐकून घे. तीस वर्षं मी गप्प बसले. त्या दिवशी बागेत तू मला जे..."

"जे काय?"

"संपलं. सोळा पानं संपली."

"असं कसं संपलं?"

"कागद संपला," तो म्हणाला, आणि त्याचाही चेहरा पडला होता.

दोघं जेवायला बसली. मध्येच तो म्हणाला, "झाकण उघडत असेल का तिला?" ती म्हणाली, "उघडलं तर बोलेल का ती? ऐकणारा मेलाय म्हणून तर बोलतेय." मग तिने रचून बघितलं. आयुष्यभर पुढचं-मागचं रचतच आली होती. बाई त्याची बायको असेल. बहीण असेल. देणेकरीण असेल. जे रचलं ते सगळं बरं होतं, पण तिच्या दालनातलं होतं. त्या बाईने छत्री टेकवून जे म्हटलं असेल, ते तिला रचता येईना. झोपेपर्यंत तिला त्या लिहिणाऱ्याचा इतका राग आला की त्यात हळूबाईचा जरा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता हळूबाईने बिशपचा शेवट वाचला. एकही पान कमी नव्हतं. खरा बिशप येऊन दारात उभा राहतो. अंगात भिडस्त साहेबाचा चट्टेरी पट्टेरी खेळाचा कोट, कारण ट्रंक त्याच्याकडे गेलेली. चार दिवस लोकांनी त्याला कोपरखळ्या मारल्या, पाठीत थापा घातल्या, पत्त्यांत हरवलं, आणि त्याला ते इतकं मानवलं, की आता तो झगा परत घ्यायला तयार नाही. बायकांनी टेबलं बडवली. नणंद तर हसता हसता खाली सरकली. टेबलावर त्या दिवशी एकच ढीग होता. तोफबाईने आपला आणलाच नव्हता.

सुट्टी झाल्यावर नळापाशी हळूबाई हाताची खळ धूत होती. तोफबाईने पिशवीतून सोळा पानं काढून तिच्यासमोर कठड्यावर ठेवली.

"हे तुझ्या पुस्तकातून गळून पडलं होतं."

हळूबाईने हात पुसले, फर्मा उचलला आणि उजेडात धरला. "गळलेल्या फर्म्याची भोकं फाटतात, तोफबाई," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "ही कशी गोल आहेत."

  तोफबाईचा पारा चढला, आणि चढला की तिला खरं बोलायला सोपं जायचं.

"हो, उसवलं! जळत होते मी तुझ्यावर. अजून जळतेय, दिसत नाही का? बावीस वर्षं जीभ झिजवली मी त्या टेबलावर, आणि तू येतेस काय, मेल्या आवाजात वाचतेस काय, आणि माझी नणंद खाली लोळते! जायचं तर जा मुकादमाकडे, सांग जा. पण त्याआधी मला सांग, त्या छत्रीवाल्या बाईला बागेत काय केलं होतं त्याने?"

हळूबाईने चष्मा वर सरकवला. "वाचलंत तुम्ही?"

"नवऱ्याने वाचलं. मी ऐकलं. सांग."

"मला नाही माहीत."

"खोटं बोलतेस."

"ते पुस्तक पेटीत नाही. सरांनी जन्मभर शोधलं, मिळालं नाही. दर वर्षी एकदा मला ती सोळा पानं वाचायला लावायचे आणि मग दिवसभर चिडायचे." ती कठड्याला टेकली. "काल पुस्तक हातात घेतलं तेव्हाच कळलं मला, काय गेलंय ते. वजन कमी लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाचल्यावर परत आणाल असं वाटलं. त्या पानांवर गप्प बसून राहवत नाही कुणाला."

तोफबाईला हे ऐकून अधिकच राग आला. इतकी आपण ओळखू येणारी आहोत? "शहाणी आहेस," ती म्हणाली. "सशासारखं तोंड आणि आतून कोल्ही."

"शनिवार तुम्ही घेत जा ना," हळूबाई म्हणाली. "मी नाही ठेवणार ढीग."

"भीक नको मला."

"भीक नाही. मला भीती वाटते." हळूबाईने फर्म्याची घडी सारखी केली. "सात पुस्तकं आहेत, त्यातलं एक संपलं. सहा उरली. वर्षभरात पेटी रिकामी होईल. मग मी परत कोपऱ्यात. माझ्या तोंडात स्वतःचं असं काही नाही, तोफबाई. तुम्ही दाढ काढून आलात तरी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे शंभर गोष्टी असतात. रात्री विचार केला की माझा जीव जळतो."

हे वाक्य तोफबाईने दोनदा मनात फिरवून घेतलं. हिचा जीव जळतो, आपल्यावर. त्या मिनिटाला तिला जे वाटलं त्याला चांगलं म्हणता येणार नाही, पण गोड होतं. सहा पुस्तकं. एक पुस्तक दोन महिने धरलं तर एक वर्ष. वर्षभर काय, संपात तिने अकरा दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते. वर्षाने टेबल पुन्हा आपलं. ती घराकडे निघाली ती चालीत झोक आणून. आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की ती सहा संपली म्हणजे पुढचं नाही, त्याच्या पुढचं नाही, काही नाही. चालीतला झोक गेला.

सोमवारी अडीच वाजता हळूबाईने नवं पुस्तक उघडलं आणि ढीग टेबलावर ठेवला. बायका उठल्या. तोफबाईही उठली. दोघी-तिघींनी तिला वाट करून दिली. ती टेबलापाशी गेली, दहा कागद मोजले, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि छातीशी धरून आपल्या जागी आणले.

"वहिनी? आज इकडे?" नणंदेने विचारलंच.

"कायदा माझा आहे. मला शिकवू नकोस. कागद मोज आपले, नऊच उचललेस तू."

हळूबाई वाचू लागली. गावच्या बाकावर कुणी बसायचं ह्यावरून दोन निवृत्त न्यायाधीशांचं काहीतरी होतं. तोच सपाट आवाज. तोफबाईने ठरवलं होतं, हसायचं नाही. ऐकायचं, कुठे काय करते ते पकडायचं, आणि शिकून घ्यायचं. वैऱ्याची तलवार बघून ठेवावी, एवढंच. पहिलं पान तिने दगडासारखं काढलं. दुसऱ्यावर तिला एवढं कळलं, की ही बाई हसत नाही कारण पुस्तकातलंही कुणी हसत नाही. ते सगळे जीव तोडून गंभीर आहेत. इतकं सोपं, आणि आपण बावीस वर्षं टेबलावर चढत होतो. तिने हातातली घडी नखाने करकचून दाबली.

तिसऱ्या पानावर एका न्यायाधीशाने दुसऱ्याला बाकावरून उठवायला रीतसर समन्स धाडलं, आणि दुसऱ्याने ते बाकावरच बसून, शेजारच्या पहिल्याच्याच पेनाने, सही करून घेतलं.

पहिलं हसू त्या दिवशी तोफबाईचं फुटलं, सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यात मोठं. हातातला कागद तिरका दुमडला. सगळ्यांच्या माना वळल्या. हळूबाई वाचायची थांबली.

"थांबलीस कशाला?" तोफबाई ओरडली. "कुणी सांगितलं थांबायला?" आणि तिरका कागद सरळ करत, खाली बघून म्हणाली, "हं. पुढे."